वाचकांचे प्रश्न : वासरांची हगवण, दुधाचे माप आणि खाद्याचा हिशोब

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे लहान वासरांविषयी आहेत. कोणी आजाराबद्दल विचारले आहे, तर कोणी खर्चाबद्दल. वाचताना मात्र जाणवते की हे दोन वेगळे प्रश्न नाहीत; ज्या गोठ्यात वासरे वारंवार आजारी पडतात त्याच गोठ्यात वासरांचा खर्चही परवडत नाही, आणि अनेकदा आजाराची सुरुवात खर्च वाचवण्याच्या प्रयत्नातूनच झालेली असते. त्यामुळे उत्तरेही एकमेकांत गुंतलेली आहेत. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे सहा गाई आहेत. गेल्या वर्षी जन्मलेल्या वासरांपैकी चार वासरांना दुसऱ्या आठवड्यात पातळ, पिवळसर हगवण लागली आणि त्यांतली दोन दगावली. हगवण सुरू होताच मी दूध पूर्ण बंद करून साखर-मिठाचे पाणी पाजले, प्रतिजैविकाची इंजेक्शनेही दिली, तरी उपयोग झाला नाही. वासरू गाईजवळच असते आणि चीक स्वतःच पिते. माझे नेमके काय चुकते आहे?

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य शेवटून दुसरे आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

गाईच्या वारेची रचना अशी असते की तिच्या रक्तातील रोगप्रतिकारक प्रथिने गर्भातल्या वासरापर्यंत पोहोचत नाहीत. वासरू या प्रतिकारशक्तीशिवाय जन्माला येते आणि ती त्याला केवळ चिकातून मिळते. चिकातील ही प्रथिने आतड्यातून जशीच्या तशी रक्तात शोषली जाण्याची क्षमता जन्माच्या क्षणापासून घटू लागते आणि साधारण २४ तासांत संपते. त्यामुळे चीक किती पाजला याइतकेच तो केव्हा पाजला याला महत्त्व आहे. वासराच्या वजनाच्या सुमारे १० टक्के चीक, म्हणजे ४० किलोच्या वासराला ४ लिटर, पहिल्या १२ तासांत पोटात गेला पाहिजे, आणि त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत. वार पडण्याची वाट पाहू नये. वासरू ‘स्वतःच पिते’ तेव्हा ते किती प्यायले हे आपल्याला कळतच नाही. अशक्त वासरू उशिरा उभे राहते, ओघळलेल्या कासेचे सड त्याला सापडत नाहीत, आणि पाहणाऱ्याला मात्र ते कासेशी झटताना दिसल्यामुळे समाधान वाटते. पहिल्या धारेचा चीक स्वच्छ भांड्यात काढून, मोजून, बाटलीने पाजणे हाच खात्रीचा मार्ग आहे. दुसऱ्या दोहनातल्या चिकात ही प्रथिने बरीच कमी झालेली असतात.

चिकाची प्रत डोळ्यांनी ठरवता येत नाही. त्यासाठी ब्रिक्स रिफ्रॅक्टोमीटर नावाचे खिशात मावणारे साधन मिळते. त्यावर २२ टक्के किंवा अधिक वाचन आले तर चीक चांगला समजावा. एखाद्या निरोगी, तीन-चार वेळा व्यालेल्या गाईचा जास्तीचा चीक फ्रीझरमध्ये उणे २० अंशांवर ठेवल्यास तो वर्षभर कामी येतो. वितळवताना भांडे ५० अंशांपेक्षा कमी तापमानाच्या पाण्यात ठेवावे. चीक उकळला की ती प्रथिने नष्ट होतात. पुढच्या वेळी वासरू एक ते सात दिवसांचे असताना पशुवैद्यकांकडून त्याच्या रक्तद्रवातील एकूण प्रथिने तपासून घ्यावीत. निरोगी वासरात हे प्रमाण दर डेसिलीटरला ५.२ ग्रॅमपेक्षा कमी आले, तर चीक अपुरा मिळाला असे समजायला हरकत नाही. आपल्यासारख्या गोठ्यात मी ही तपासणी सर्वांत आधी करून घेईन.

आता हगवणीच्या उपचाराविषयी. दूध पूर्ण बंद करण्याचा सल्ला पूर्वी सर्रास दिला जात असे आणि त्यामागचा हेतू चांगला असला, तरी तो योग्य नाही. हगवणीने वासरू मरते ते मुख्यतः अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे आणि रक्तातील आम्लता वाढल्यामुळे; त्यात दूधही तोडले की ऊर्जेचा एकमेव स्रोत बंद होतो आणि चरबीचा साठा जेमतेम असलेले ते जीव दोन-तीन दिवसांत खचते. वासरू चोखत असेल तोवर दूध नेहमीसारखे चालू ठेवावे आणि त्याशिवाय दिवसातून दोन ते तीन वेळा दोन-दोन लिटर क्षारसंजीवनी, म्हणजे क्षार आणि ग्लुकोज विरघळवलेले पाणी, पाजावी. बायकार्बोनेट असलेली क्षारसंजीवनी दुधात मिसळू नये, कारण ती जठरात दूध साकळण्यात अडथळा आणते; दोन्हींमध्ये काही तासांचे अंतर ठेवावे. साखर-मिठाच्या पाण्याबाबत एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. वासराच्या आतड्यात साखर पचवणारे विकर नसते. न पचलेली साखर आतड्यात आणखी पाणी ओढून घेते आणि हगवण वाढवते. वासरांसाठीच्या क्षारसंजीवनीत म्हणूनच ग्लुकोज असते, सोबत सोडियम आणि आम्लता कमी करणारा बायकार्बोनेट किंवा अ‍ॅसिटेटसारखा घटक असतो. अशी पाकिटे वासरू आजारी पडण्याआधीच घरात असावीत.

मानेवरच्या कातडीची चिमूट घेऊन सोडल्यावर ती दोन सेकंदांहून अधिक काळ तशीच राहत असेल, डोळे खोल गेले असतील, पण वासरू चोखत असेल, तर तोंडाने पाजण्याने काम भागते. तोंडात बोट घातल्यावर ते चोखत नसेल, तोंड आतून थंड लागत असेल किंवा वासरू उठत नसेल, तर तोंडाने पाजत बसण्यात वेळ घालवू नका. त्याला शिरेतून द्रव देण्याची गरज आहे आणि पशुवैद्यकांना त्याच तासाला बोलवायला हवे.

प्रतिजैविकाचा उपयोग का झाला नाही, हे हगवण कोणत्या वयात आली यावरून बऱ्याच अंशी सांगता येते. पहिल्या चार-पाच दिवसांतील हगवण बहुधा ई. कोलाय जीवाणूमुळे होते. दुसऱ्या आठवड्यात रोटाव्हायरस, कोरोनाव्हायरस आणि क्रिप्टोस्पोरिडियम हा एकपेशीय परजीवी ही प्रमुख कारणे असतात, आणि विषाणूंवर किंवा क्रिप्टोस्पोरिडियमवर नेहमीची प्रतिजैविके चालत नाहीत. वासराचे सामान्य तापमान ३८.५ ते ३९.५ अंश सेल्सिअस असते. ताप, शेणात रक्त किंवा वासराची एकदम ढासळलेली अवस्था असेल तरच प्रतिजैविकाचा विचार पशुवैद्यकांनी करावा.

शेवटी जागेबद्दल. चारही वासरांना एकाच वयात हगवण लागली, याचा अर्थ रोगजंतू त्या जागेत मुक्काम करून आहेत. क्रिप्टोस्पोरिडियमच्या बीजांवर नेहमीच्या जंतुनाशकांचा फारसा परिणाम होत नाही; कडक गरम पाणी आणि त्यानंतर जागा पूर्ण कोरडी होऊ देणे हेच परिणामकारक ठरते. वासरांना मोठ्या गाईंच्या शेणापासून दूर ठेवावे, आधी सर्वांत लहान व निरोगी वासरांना पाजून आजारी वासराकडे सर्वांत शेवटी जावे. हा परजीवी आणि साल्मोनेला जीवाणू माणसालाही बाधतात, म्हणून हात साबणाने धुवावेत आणि घरातील लहान मुलांना आजारी वासरांपासून दूर ठेवावे. गाभण गाईंना शेवटच्या महिन्यांत देण्याच्या लसी ई. कोलाय, रोटाव्हायरस आणि कोरोनाव्हायरसविरुद्ध उपलब्ध आहेत, मात्र त्या लसीचा लाभ वासराला चिकातूनच मिळतो. चीक चुकला तर लसीचा खर्चही वाया गेला.

प्रश्न : विकण्याजोगे दूध वासरू पिऊन टाकते, हे मला परवडत नाही. मी सकाळी दोन व संध्याकाळी दोन लिटर दूध देतो आणि महिन्यानंतर ते निम्मे करून त्यात पाणी मिसळतो. यापेक्षा स्वस्त काही करता येईल का? मिल्क रिप्लेसर, म्हणजे दुधाऐवजी पाण्यात कालवून पाजायची भुकटी, वापरावा का?

उत्तर : आपली अडचण खरी आहे आणि ती कोणत्याही लहान पशुपालकाला चुकलेली नाही. तरीही आपण दिवसाच्या खर्चाकडे पाहत आहात, तिथून नजर थोडी हलवावी असे मी सुचवेन.

सुमारे ४५ किलोच्या वासराला केवळ जिवंत राहण्यासाठी, म्हणजे शरीराची ऊब आणि नेहमीच्या हालचाली चालू ठेवण्यासाठी, दिवसाला साधारण अडीच लिटर दूध लागते. यातून वाढ शून्य होते. आपण चार लिटर देता तेव्हा वाढीसाठी दीड लिटर उरते आणि वासरू रोज पाव किलोच्या आसपास वाढते. सहा लिटर दिले तर वाढीसाठी साडेतीन लिटर उरते. दूध दीडपट झाले, पण वाढीच्या वाट्याला आलेले दूध दुपटीहून अधिक झाले; वासरू अर्ध्या किलोच्या आसपास वाढू लागते. निर्वाहाचे अडीच लिटर तर दोन्ही वेळा खर्च होतातच. म्हणजे कमी पाजणाऱ्या गोठ्यात वाढीचा प्रत्येक किलो अधिक महाग पडतो. महिन्यानंतर दूध निम्मे करता तेव्हा हाच हिशोब आणखी बिघडतो, कारण दोन लिटर दूध निर्वाहालाही पुरत नाही आणि वासरू तोवर खुराकही पुरेसा खात नसते. थंडीत तर प्रश्न अधिक गंभीर असतो : तीन आठवड्यांपेक्षा लहान वासराला तापमान १५ अंशांखाली गेले की ऊब टिकवण्यासाठीच जादा ऊर्जा लागते. अशा अर्धपोटी वासरांत हगवण आणि न्यूमोनिया अधिक का दिसतात, याचे वेगळे स्पष्टीकरण देण्याची गरज नसावी.

बचत करायची जागा दुसरी आहे. दूध कमी करण्याऐवजी दुधाचे दिवस कमी करावेत, आणि त्यासाठी वासराचे पोट लवकर तयार करावे. जन्मतः वासराच्या पोटाचा पहिला मोठा कप्पा, ज्यात पुढे रवंथाचा चारा कुजून पचतो, तो कामाचा नसतो. दूध त्याला वळसा घालून थेट जठरात जाते. हा कप्पा विकसित होतो तो धान्ययुक्त खुराकामुळे, कारण धान्य तिथे आंबताना तयार होणाऱ्या आम्लांमुळे, विशेषतः ब्युटिरिक आम्लामुळे, कप्प्याच्या आतील बोटांसारखे उंचवटे वाढतात आणि अन्न शोषण्याचे काम त्यांच्याकडे असते. नुसत्या वैरणीने कप्पा ताणला जातो, पण हे उंचवटे फारसे वाढत नाहीत. म्हणून चौथ्या दिवसापासूनच वासरापुढे मूठभर ताजा खुराक ठेवावा, उरलेला रोज काढून मोठ्या गाईंना घालावा आणि पुन्हा ताजा ठेवावा. त्याचबरोबर स्वच्छ पाणी सतत समोर असावे. ‘दूध पिते, मग पाणी कशाला’ हा समज चुकीचा आहे. दूध जठरात जाते आणि खुराक आंबण्यासाठी पहिल्या कप्प्यात पाणी लागते. पाणी नसेल तर वासरू खुराक खात नाही.

हा खुराक घरीही करता येतो. १०० किलो मिश्रणात भरडलेला मका ५० किलो, सोयाबीन पेंड ३० किलो, गव्हाचा कोंडा १७ किलो, खनिज मिश्रण २ किलो आणि मीठ १ किलो घेतल्यास प्रथिने २० टक्क्यांच्या आसपास बसतात. मका पीठ होईल इतका बारीक दळू नये. एका वेळी पंधरा दिवसांपुरतेच मिश्रण करावे. बुरशी लागलेली पेंड स्वस्तात मिळाली तरी वासरांना घालू नये. युरिया असलेले मोठ्या जनावरांचे खाद्य सहा महिन्यांखालील वासरांना मुळीच देऊ नये.

पहिले पाच-सहा आठवडे सहा लिटर दूध द्यावे, नंतर दहा-चौदा दिवसांत ते टप्प्याटप्प्याने कमी करावे आणि वासरू सलग तीन दिवस रोज सुमारे एक किलो खुराक खाऊ लागले की दूध तोडावे. निरोगी वासरात हे साधारण आठव्या आठवड्यात होते. कॅलेंडर पाहून नव्हे, गव्हाण पाहून दूध तोडावे. दुधात पाणी मिसळणे मात्र आजपासून बंद करावे. त्याने वासराचे पोट भरते आणि पोषण घटते, शिवाय खुराकाची भूकही मरते.

मिल्क रिप्लेसर चांगल्या प्रतीचा असेल आणि दूध चांगल्या भावाने विकले जात असेल, तर तो फायद्याचा ठरू शकतो. पिशवीवर प्रथिने किमान २० टक्के आणि स्निग्धांश १५ ते २० टक्के आहे का हे पाहावे. प्रथिने दुधापासूनची असावीत, कारण पहिल्या तीन आठवड्यांत वासराला वनस्पतिजन्य प्रथिने आणि पिष्ट नीट पचत नाहीत. भुकटी स्वस्त असण्याचे कारण बहुधा तिथेच दडलेले असते. एक लिटर तयार द्रवात १२५ ते १५० ग्रॅम भुकटी वजन करून घ्यावी, अंदाजाने नव्हे. पाजताना तापमान ३८ ते ४० अंश असावे आणि रोजच्या वेळा ठरलेल्या असाव्यात. आपल्या मिश्रणाचा एक लिटर किती रुपयांना पडतो हे काढून दुधाच्या दराशी तुलना करा. फरक किरकोळ असेल तर दूधच द्या.

प्रश्न : स्तनदाह झालेल्या गाईचे दूध विकता येत नाही, म्हणून ते वासरांना पाजतो. चालेल का?

उत्तर : नाही. गाईवर प्रतिजैविकाचे उपचार चालू असतील तर त्या औषधाचे अंश दुधात उतरतात आणि वासराच्या आतड्यातील जीवाणू त्या औषधाला दाद न देणारे बनू लागतात. पुढे खरोखर गरज पडेल तेव्हा ते औषध निरुपयोगी ठरते. दूध ६३ अंशांवर ३० मिनिटे तापवल्यास बहुतेक रोगजंतू मरतात, पण औषधाचे अंश जात नाहीत. असे दूध टाकून द्यावे. टाकताना मन दुखते, हे मला ठाऊक आहे. ते थांबवायचे असेल तर स्तनदाह कमी करण्यावर खर्च करावा.

प्रश्न : माझी कालवड साडेतीन महिन्यांची आहे. पोट मोठे आणि डेरेदार दिसते, पण पाठीचा कणा हाताला लागतो, केस राठ झाले आहेत. दीड महिन्याची असताना दूध तोडले आणि तेव्हापासून वाळला चारा भरपूर घालतो. जंताचे औषध एकदाही दिलेले नाही.

उत्तर : आपल्या वर्णनात दोन कारणे एकत्र दिसतात. चारा भरपूर आहे, पण त्या वयाच्या पोटाला तो पचवता येत नाही. तो साचून राहतो, पोट फुगलेले दिसते आणि अंगावर मात्र काही चढत नाही. कालवडीला रोज दीड ते दोन किलो वर सांगितलेला खुराक सुरू करावा, अर्थात एकदम नव्हे, आठ-दहा दिवसांत वाढवत न्यावा. वैरण कोवळी, पानांची द्यावी.

दुसरे कारण जंत. वासरांतील मोठ्या गोल जंताच्या अळ्या आईच्या दुधातूनच वासरात येतात, त्यामुळे गोठा कितीही स्वच्छ असला तरी हा जंत होऊ शकतो. मातकट रंगाचे, दुर्गंधीयुक्त शेण ही त्याची खूण आहे. जिथे हा जंत आढळतो तिथे पहिली मात्रा १० ते १६ दिवसांच्या वयात द्यावी लागते, म्हणजे जंत अंडी घालू लागण्याआधीच मरतात. आपल्या कालवडीच्या बाबतीत ती वेळ निघून गेली आहे, तेव्हा आधी शेण तपासून घ्यावे. या वयात कॉक्सिडिया हा एकपेशीय परजीवीही असू शकतो. त्यात शेणात रक्त किंवा आव दिसते आणि जनावर कुंथते. त्याचे औषध वेगळे आहे, जंतनाशकाने तो जात नाही. औषध आणि मात्रा वजनानुसार पशुवैद्यकांनी ठरवावी.

प्रश्न : थंडीपासून बचाव म्हणून वासरांची खोली सर्व बाजूंनी बंद करतो. तरी खोकला जात नाही.

उत्तर : ‘तरी’ नव्हे, बहुधा ‘म्हणूनच’. खोलीत जाऊन वासराच्या नाकाच्या उंचीवर वाकून श्वास घ्यावा. डोळे चुरचुरले तर मूत्रातून निघणारा अमोनिया तिथे कोंडला आहे, आणि तो फुप्फुसांच्या आतील नाजूक संरक्षक आवरणाला इजा करतो. वरच्या बाजूने हवा खेळती ठेवावी, वासराच्या उंचीवर थेट झोत मात्र लागू देऊ नये. थंडीपासून खरा बचाव कोरड्या, जाड अंथरुणाने होतो. अंथरुणावर अर्धा मिनिट गुडघे टेकून पाहावे, कपडे ओले झाले तर अंथरूण बदलण्याची वेळ झाली आहे. खोकल्यासोबत ३९.५ अंशांवर ताप किंवा जलद श्वास असेल तर त्याच दिवशी उपचार करावेत, कारण फुप्फुसाला झालेली इजा पुढे गाय झाल्यावरही दुधात दिसते.

प्रश्न : तराजू नसताना कालवडीची वाढ नीट आहे की नाही हे कसे कळावे? आणि ती भरवायची, म्हणजे गाभण करवून घ्यायची, केव्हा?

उत्तर : मोजपट्टी पुरेशी आहे. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजावा. नंतर खांद्याच्या टोकापासून माकडहाडाच्या मागील टोकापर्यंत लांबी मोजावी. घेराला घेराने गुणावे, त्याला लांबीने गुणावे आणि १०,८४० ने भागावे. येणारा आकडा म्हणजे किलोमधील अंदाजे वजन. घेर १२० आणि लांबी ११० असेल तर वजन सुमारे १४६ किलो येते. दर महिन्याला एकाच माणसाने, सकाळी खाद्य घालण्यापूर्वी मोजून वहीत लिहावे. पहिल्या दोन महिन्यांत जन्मवजन दुप्पट होणे हे चांगले लक्षण आहे.

कालवड वयावर नव्हे तर वजनावर भरवावी : तिच्या जातीच्या प्रौढ गाईच्या वजनाच्या ५५ ते ६० टक्के वजन झाल्यावर. प्रौढ गाय ४५० किलोची असेल तर २५० ते २७० किलो. मोठ्या अंगाच्या दुधाळ जातीत, चांगल्या संगोपनात, कालवड २४ महिन्यांच्या आसपास पहिल्यांदा विते. तिथून लांबलेला प्रत्येक महिना म्हणजे दुधाचा एक थेंबही न मिळता घातलेले महिनाभराचे खाद्य. वहीतील नोंदींमध्ये एखाद्या महिन्याची वाढ अर्ध्यावर आलेली दिसली, तर त्या महिन्यात खाद्य बदलले होते का, कालवड आजारी होती का, हे तेव्हाच तपासावे. त्या वहीची प्रत पुढील पत्रासोबत पाठवल्यास नेमका सल्ला देणे मला सोपे जाईल.